जिन्याखालचं पिंप

आमच्या सोलापुरात नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं. साठवलेलं पाणी ओतून द्या म्हणणारा माणूस आम्हाला वेडाच वाटतो. यंदा पावसाळ्यात डासांच्या अळ्या तपासायला महापालिकेच्या बाया आल्या, तेव्हा मी जिन्याखालच्या भरल्या पिंपावर गोधडी टाकली, वर सूप ठेवलं आणि ज्वारी निवडत उभी राहिले. "हितं पाणी न्हाय, धान्य हाय," असं ठणकावून सांगितलं. त्या गेल्या. कशा गंडवल्या, म्हणून नवऱ्याला फुशारकीने सांगितलंसुद्धा.

पिंपात अळ्या होत्या. सकाळीच मी त्या बघितल्या होत्या. धोतराच्या फडक्याने पाणी गाळून घेऊ की, असा माझा बेत. ते गाळायचं राहूनच गेलं.

पुढे काही दिवसांनी खालच्या भाडेकरणीची मुलगी तापली. दिवसभर त्याच जिन्यात खेळणारी पोर, मला मावशी म्हणते. डेंग्यू निघाला. प्लेटलेट उतरायला लागल्या तशी तिला दवाखान्यात ठेवली. मी रोज मऊ भाताचा डबा घेऊन जायचे. पोर माझं बोट धरून झोपायची आणि मला ते सोडवून पळून जावंसं वाटायचं. पहिल्याच दिवशी घरी येऊन मी पिंप पालथं केलं, काथ्याने खसाखसा घासलं. आता घासून काय उपयोग होता? स्वतःची भयंकर चीड आली. पण बोलले कुणाजवळच नाही.

पोर वाचली. तिला घरी आणलं त्या दिवशी तिची आई अंगणात हंडे, कळश्या, बादल्या, सगळं पालथं करत होती. नळ सकाळीच येऊन गेला होता, पाणी अगदी ताजं होतं.

"अगं, चांगलं पाणी कशाला सांडायलीस?" मी विचारलं.

"माझ्याच भांड्यात झाले असतील की डास, वैनी. सासू म्हणती, तुझ्या आळसानंच पोर मरणाच्या दारातनं आली. खरंच हाय ते." तिने पदराने डोळे पुसले. "तुमी मात्र लई केलं आमच्यासाठी."

आता सांगायलाच हवं होतं. एका वाक्यात तिच्या डोक्यावरचा आळ उतरला असता. मी तोंड उघडलं. "पाणी लागलं तर माझ्याकडनं ने," एवढंच बाहेर पडलं.

ती वाकून माझ्या पाया पडली.