बोट दाखवून, नाव घेऊन

सानो गावातल्या अकुत्सु यासुजींना अख्खी गल्ली बडबड्या म्हणायची. बोल्ट आवळला की त्यावर बोट रोखायचं, मोठ्यानं त्याचं नाव घ्यायचं आणि ‘ठीक’ म्हणायचं, ही सवय त्यांना तरुणपणी रेल्वेच्या कारखान्यात लागली. तिथे सगळेच तसं करत. आपल्या गॅरेजात मात्र ते एकटेच, त्यामुळे म्हातारा स्वतःशीच बोलतोय असं वाटे. शेजारच्या नव्या कॅफेतल्या पोरांनी एकदा त्यांची हुबेहूब नक्कल केली आणि तेव्हापासून अकुत्सु गप्प झाले. लोक हसले म्हणून चाळीस वर्षांची शिस्त सोडणं हे काही शहाणपण नव्हे. पण सत्तरी ओलांडली की हसणं जास्त लागतं.

त्यात डोळेही अधू झालेले. शेवटी त्यांनी मनाशी ठरवलं, दुरुस्तीला आलेली ओसादाबाईंची गाडी जमली तर ठीक, नाहीतर शटर कायमचं खाली.

ओसादा मिनाए इस्पितळात नर्स होत्या. नवरा सोडून गेला तरी त्यांनी ती लाल, दोन टर्बोची स्पोर्ट्सकार सोडली नव्हती. टर्बो म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारे पंखे, त्यातला दुसरा वेग वाढल्यावरच जागा होणारा. हवेच्या पाइपात तेल दिसलं म्हणून टर्बो गेले असं धरून एका मोठ्या गॅरेजनं सरळ भंगारचा सल्ला दिला होता. अकुत्सुंनी टर्बोचा दांडा हलवून पाहिला, तो घट्ट होता, म्हणजे टर्बो शाबूत. तेल इंजिनाच्या वाफेबरोबर येऊन वर्षानुवर्षं साचलेलं होतं. खरी खोट टर्बो चालू-बंद करणाऱ्या व्हॅक्यूमच्या नळ्यांत होती. शेवयांसारख्या गुंतलेल्या पन्नासेक नळ्या उष्णतेनं कडक होऊन चिरल्या होत्या. त्यांनी पाइप रॉकेलनं धुतले आणि एकेक नळी बदलली, मुकाट्यानं.

बाईंना शेजारी बसवून त्यांनी गाडी चढावर नेली, तर ती आचके देऊ लागली. दुसरा टर्बो जागा व्हायलाच तयार नव्हता. जुन्या झडपेवर खापर फोडता आलं असतं, बाईंना कळलंही नसतं. परत आल्यावर अकुत्सुंनी टोपी काढून मान तुकवली.

“चूक माझी आहे. कुठल्यातरी दोन नळ्या उलटसुलट लागल्यात. तोंडानं म्हणत लावल्या असत्या तर झालं नसतं.”

म्हणत म्हणजे काय, असं बाईंनी विचारलं. त्यांनी ओशाळत सगळं सांगितलं. बाई हसल्या नाहीत, उलट चिडल्या.

“अहो, पेशंटच्या नावावर बोट ठेवून मोठ्यानं वाचल्याशिवाय आम्ही सुईसुद्धा टोचत नाही. यात लाजायचं काय? तुम्ही म्हणा, मी नळ्यांच्या नकाशात बघते.”

अकुत्सुंनी सुरुवात केली, आधी पुटपुटत. दहाव्या नळीपर्यंत आवाज सुटला. कॅफेतली पोरं दारात आली, तसा त्यांनी तो आणखी चढवला. एकतिसाव्या नळीला बाई म्हणाल्या, “थांबा. नकाशात ही डावीकडे जाते.” अकुत्सुंनी चष्मा पुसून पाहिलं. एकतिसावीच्या जागी बत्तिसावी बसली होती. त्यांनी दोन्हींची अदलाबदल केली.

या खेपेला बाईंनी स्वतः गाडी चालवली. चढाच्या मध्यावर दुसरा टर्बो लागला आणि दोघांच्या पाठी सीटला टेकल्या. अकुत्सुंना रडूच आलं. वर पोचल्यावर बाईंनी गाडी कडेला घेतली.

“दोन वर्षांनी हिची सरकारी तपासणी आहे. तेव्हा कुणाकडे नेऊ?”

“तेव्हा मी चौऱ्याहत्तरचा असेन.”

“वय नाही विचारलं मी.”



“माझ्याकडेच आणा,” अकुत्सु म्हणाले. “पण नकाशा वाचायला तुम्हीच बसायचं.”