लाकडी डबा कोणी धुवावा

आखातात समुद्रकाठच्या मरीनाचे टॉवर तेव्हा अर्धेच उभे होते. त्यातल्या एकाच्या साइट ऑफिसात मी नोकरीला होतो. जेवणाच्या सुट्टीनंतर थर्मोकोलचे रिकामे डबे वाळूत उडत राहायचे आणि मी त्यावर टेबलाशी भाषणं द्यायचो. शेजारी बसणारे एक जपानी इंजिनिअर निमूट ऐकत आणि आपल्या लाकडी डब्यातला भात खात. पातळ पट्टी वाफेवर मऊ करून गोल वाकवलेली, जोडाला चेरीच्या झाडाच्या सालीचे टाके. काँट्रॅक्ट संपवून जाताना त्यांनी तसाच एक नवा डबा मला दिला. तो कसा सांभाळायचा तेही बेसिनपाशी उभं राहून दाखवलं.

मी पत्रकांवर वाढलेला. बाबा मुंबईत युनियनची पत्रकं लिहायचे, अक्षरओळख मला त्यांवरच झाली. इथे पत्रक वाटायची सोय नव्हती, म्हणून एक लिहून फ्रिजवर चिकटवलं. भरण्याआधी डबा ओला करून पुसावा, म्हणजे भात चिकटत नाही, हळद मुरत नाही. साबण लावू नये, लाकूड तो पिऊन बसतं. कढत पाण्याने, मऊ ब्रशने धुवावा. उन्हात ठेवू नये, तडकतो. सावलीत, वाऱ्यावर उघडा वाळवावा. पूर्ण सुकल्याशिवाय झाकण लावू नये.

दोन महिन्यांनी, एका बुधवारी संध्याकाळी डब्याच्या तळाला काळे ठिपके दिसले.

"आई, ओल्यावरच झाकण लावलंस ना?"

आई सोफ्यावर पोटऱ्यांना तेल चोळत होती. ती नर्सरीत शिकवायची, दिवसभर लहान मुलांमागे उभी.

"लावलं असेल."

"सगळं स्पष्ट लिहून ठेवलंय."

"वाचलंय. धुवावा, पुसावा, वाळवावा. कोणी?"

मी डब्याचा तळ बोटाने घासून पाहिला.

"तुझ्या बाबांचंही तसंच. पत्रकाच्या शेवटी ठरलेली ओळ, चहापाण्याची व्यवस्था करण्यात येईल. ते 'करण्यात येईल' म्हणजे मी. ऐंशी कप." तिने तेलाच्या बाटलीचं बूच लावलं. "गुरुवार-शुक्रवारची सुट्टी झाली की शनिवारपासून स्टीलचा डबा ने. मला आता होत नाही रे."

ती रागाने म्हणाली असती तर मी वाद घातला असता. वादात मी कधी हरत नसे. पण तिचा आवाज नुसता दमलेला होता. कामगारांच्या कामाच्या तासांवर मी वह्या भरल्या होत्या, आणि या दोन महिन्यांत माझा डबा मी एकदाही धुतला नव्हता.

स्वयंपाकघरात एसी नव्हता. जुलैत थंड पाण्याच्या नळालाही कढत पाणी येतं, तेवढी एक सोय होती. जोडाच्या फटीत हळदीची रेघ बसली होती. ब्रश तिथवर पोचेना. मीही सकाळपासून उन्हात होतो, असं एक वाक्य तोंडाशी आलं. ऐकवायला समोर कोणी नव्हतं, आणि ऐकवण्यासारखं ते नव्हतंही.

"झालं?" आईने बाहेरून विचारलं.

"डाग जात नाहीयेत."

"जाणारही नाहीत आता. सुकू दे नीट." मग म्हणाली, "सिंकमध्ये कुकर आहे, कढई आहे. तेवढं घेतोस?"

"त्यांना साबण चालतो ना?"

"त्यांना सगळं चालतं."

मी कुकरची शिट्टी काढून बाजूला ठेवली आणि कढई ओढली. ती घासून होईपर्यंत आई बसल्या जागीच झोपली होती.