आमचं दूध प्यायलेला गडी

मी शिंपी. यात्रेतल्या कबड्डीच्या सामन्यांना माईकही माझ्याच हातात असायचा. तोंडाचा पट्टा असा की भलेभले माझ्या वाटेला जात नसत. हे फुशारकीनं सांगत नाही. नव्वद सालानंतरच्या त्या चार-पाच वर्षांत या तोंडानं आणि या हातांनी जे केलं, ते सांगायचंय, म्हणून आधीच सांगून टाकलं.

आमचं गाव इंदापूर तालुक्यातलं. निरवांगीहून सायकलीनं यावं एवढ्या अंतरावर. गावाला ना नदी, ना मोठं देऊळ, ना पुढारी. होता तो एक कबड्डीचा संघ, आणि त्या संघात एक गडी. माझ्याच वयाचा. अंगानं पाप्याचं पितर, पण चढाईला गेला की समोरचे सात जण पाय आखडून उभे राहायचे. लांबून पाय टाकायचा, टाचेवर गर्रकन फिरायचा आणि मध्यरेषेला हात लावून उभा. शेळगावच्या मैदानात त्यानं एका दमात तीन गडी मारले, तेव्हा मी माईकवर इतका ओरडलो की पुढं दोन दिवस घसा बसला होता.

असा गडी गावानं पोसला होता. पैलवानाला पोसतात तसा. पाळ्या लावल्या होत्या. सोमवारी वरची आळी, मंगळवारी मळ्याकडची घरं, बुधवारी कुंभारवाडा. त्याची वस्ती लांब, म्हणून दुधाची चरवी माझ्या दुकानात यायची. सराव करून आला की माझ्या बाकड्यावर बसून तो तोंडाला चरवी लावायचा आणि रिकामी झाल्यावरच खाली ठेवायचा. ज्या घरात लेकरं कोरा चहा पीत होती, त्या घरचंही दूध त्यात असायचं. त्याचं कुणाला काही वाटत नव्हतं. आमचा गडी होता तो.

त्याचा डावा गुडघा अधू होता हे मात्र गावाला माहीत नव्हतं. एकदा सरावात वळताना आतून काहीतरी तुटलं. मी आणि त्याचा थोरला भाऊ, आम्ही दोघं त्याला घेऊन बारामतीच्या हाडाच्या डॉक्टरकडं गेलो. डॉक्टर म्हणाले, खेळ सोड. तो म्हणाला, "सोडतो," आणि बाहेर येऊन मला म्हणाला, "गड्या, एक पट्टा शिवून दे." मी जाड कॅनव्हास घेतलं, आतून इलास्टिक लावलं, दोन्ही कडांना ताठ राहायला पातळ पत्र्याच्या पट्ट्या भरल्या. वरून साधीच गुडघ्याची पट्टी दिसायची. तेव्हापासून तो डाव्या पायावर वळायचा बंद झाला. कायम उजवीकडूनच फिरायचा. ही गोष्ट तिघांनाच ठाऊक होती. तो, त्याचा भाऊ आणि मी.

आणि मग एका दिवाळीनंतर तो गेला. बारामतीच्या पलीकडं, पणदऱ्याच्या बाजूला एक गाव, त्यांच्या संघाशी आमचा उभा दावा. तीन वर्षं अंतिम सामन्यात तेच समोर. त्यांचा संघ चालवणाऱ्या माणसानं शब्द दिला होता, वर्षभर आमच्याकडनं खेळ, यात्रेतली ढाल जिंकून दे, बारामतीच्या कंपनीत कायमची नोकरी लावतो. जाताना लेकाचा मला सांगूनसुद्धा गेला नाही. मला पारावर कळलं, तेही चार माणसांत. सगळे माझ्याकडं बघत होते आणि मी मूर्खासारखा "काहीतरीच काय" म्हणत होतो.

आता वाटतं, तो सांगून गेला असता तर मी पुढचं काही केलं नसतं. पण हे मनाचं समाधान झालं.

गाव पेटलं. म्हातारी माणसं, ज्यांना कबड्डीतलं ओ का ठो कळत नव्हतं, ती म्हणायला लागली, "आमच्या म्हशीचं दूध प्यायला त्यो. वकाय लावा त्याला, समदं भाईर काढा." एका आबांनी तर हिशेब काढला की त्याच्या अंगातलं निम्मं रक्त आमच्या आळीचं हाय. पोरांनी कुंभाराचं गाढव आणलं आणि माझ्या दुकानापुढं उभं केलं. "ह्याच्या मापाची बनियन शिवा. मागं सात नंबर टाका." सात त्याचा नंबर. मी टेप घेऊन खाली उतरलो. गाढवाची छाती मोजली, मान मोजली, पुढच्या पायांना बाह्या ठेवल्या. अख्खी गल्ली हसत होती, मीही हसत होतो. आणि ती बनियन मी मन लावून शिवली, दुहेरी शिलाई घातली. गाढवाची धिंड त्याच्या वस्तीवरून गेली तेव्हा त्याचा थोरला भाऊ गोठ्याच्या दारात उभा होता. पोरांनी त्याला विचारलं, "वळख पटती का?" तो म्हणाला, "माझा भाऊ मेला." पोरांनी शिट्ट्या मारल्या.

तोच भाऊ यात्रेच्या आधी आठ दिवस दुपारचा दुकानात आला. बाहेर कुणी नाही बघून आत सरकला. म्हणाला, "पट्टा नवा पायजे. जुना सैल पडला आसंल त्याचा. आपल्या यात्रेला त्येंचा संघ येणार हाय."

मी म्हणालो, "भाऊ मेला म्हणत हुता की तुमी."

"मग काय म्हणू? मला ह्याच गावात ऱ्हायाचंय." खाली बघत बोलत होता. "तूच ने. तूच दिला म्हण. माझं नाव काढू नगं, नायतर त्यो आपला घरी येईल भेटाया, आन मग पोरं माझा गोठा पेटवत्याल."

मी पट्टा शिवला. बाजाराच्या दिवशी दोरे-बटणं आणायला बारामतीला गेलो आणि आधी निरोप धाडून एसटी स्टँडाबाहेर त्याला भेटलो. त्यांच्या संघाचा निळा ट्रॅकसूट अंगात, पायात नवे बूट. मी शिवलेले कपडे सोडून दुसऱ्या कपड्यात मी त्याला पहिल्यांदाच बघत होतो. पट्टा हातात दिला तर त्याचे डोळे भरले. "सगळं गाव उलाटलं, पण तू न्हाय उलाटला. दादानंबी तोंड फिरिवलं माझ्यावरनं." मग म्हणाला, गुडघा पार गेलाय, रात्री सुजतो. एवढी एक यात्रा झाली, ही ढाल मिळाली की पहिल्या तारखेला कायमची ऑर्डर. मग खेळ बंद. खुर्चीवर बसायचं काम. "एकच सामना काढायचाय गड्या."

त्या क्षणी मी त्याच्या बाजूचा होतो, शपथेवर सांगतो. पण तेवढ्यात त्यांच्या संघातला कुणीतरी आला, त्याच्या खांद्यावर हात टाकून म्हणाला, "काय वाघा, चहा घेतला का?" आणि हा हसला. तसाच हसला, जसा माझ्या बाकड्यावर बसून हसायचा. मला म्हणाला, "हितली मान्सं लई मायाळू हायती. घरच्यावानी करत्यात." माझ्या कानशिलात जाळ झाला. घरच्यावानी! तीन वर्षं आम्ही काय परक्यावानी केलं होतं? मी चहा न घेताच एसटीत बसलो आणि अख्ख्या वाटेत माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं.

यात्रेचा अंतिम सामना दुपारी चारला लागला. मैदानाभोवती माणूस मावत नव्हता, झाडांवर पोरं, ट्रॅक्टरवर बाया. तो मैदानात उतरला आणि एका सुरात ओरडा सुरू झाला, "दूध वक! दूध वक!" कुणीतरी ताकाची पिशवी फेकली, ती त्याच्या पाठीवर फुटली. त्यानं हातानं पुसलं आणि जागेवर जाऊन उभा राहिला. मी माईकवर म्हणालो, "चढाईला येत आहेत पाव्हणे. पाव्हण्यांनी आज काय प्यालंय ते विचारून घ्या." गाव खदखदून हसलं.

पण गडी तो गडीच. पहिल्या पाळीत त्यानं आमचं मैदान साफ केलं. एकदा तर पाय असा लांबवला आणि दोघांना असं टिपलं, की माझ्या तोंडून माईकवर "आ हा हा!" निघून गेलं. सवयच होती ती. लोकांनी वळून माझ्याकडं बघितलं. माझी मलाच लाज वाटली, आणि त्या लाजेचा राग त्याच्यावर निघाला.

मध्यंतराला मी माईक ठेवला आणि पाण्याची कळशी घेऊन आमच्या पोरांत गेलो. कोपऱ्यावर एक दांडगा पोरगा खेळायचा, त्याला बाजूला घेतलं. "त्यो डाव्या पायावर वळत न्हाय. डावा गुडघा गेलाय. उजवीकडचा रस्ता बंद कर, त्याला डाव्यावर घे, आन मग अंगावर जा." पोरगं माझ्याकडं बघतच राहिलं. "तुमाला कसं म्हाईत?" मी म्हणालो, "पट्टा मी शिवलाय. कुठं बोलू नगं." आजवर तो बोललेला नाही. एवढं सांगून पुन्हा माईकवर येऊन बसलो. मला कुणी भरीला घातलं नव्हतं. कुणी विचारलंही नव्हतं.

दुसऱ्या पाळीतली त्याची तिसरी चढाई. पाय टाकला, एक गडी टिपला, उजवीकडं फिरायला गेला तर तिथं दोघं उभे. मग त्याला डाव्यावर वळावं लागलं. आमचा दांडगा पोरगा पूर्ण वजनानं त्याच्या मांडीवर पडला. आवाज माझ्यापर्यंत आला. पाय गुडघ्याखाली भलत्याच बाजूला गेला होता. आणि तो पडल्या पडल्या "कबड्डी कबड्डी" म्हणत होता, दम न सोडता, दोन्ही कोपरांनी मध्यरेषेकडं सरकत होता. हातभर राहिली होती रेषा. पोरांनी त्याला कमरेला धरून मागं ओढला. पंचांनी शिट्टी मारली.

मी ओरडलो, "गेला! आमचं दूध आमच्याच मातीत सांडलं!" टोप्या उडाल्या, हलगी सुरू झाली, बाया ट्रॅक्टरवर नाचायला लागल्या. त्याच्या भोवती गुलाल पडत होता आणि तो मातीत तोंड खुपसून गुरासारखा ओरडत होता. खरं सांगू? मला गार वाटलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा.

त्याचा भाऊ गर्दीतून पुढं आला होता. रेषेपर्यंत आला. कुणीतरी म्हणालं, "काय ओ, मेलेला भाऊ उठला का तुमचा?" तो तिथंच थांबला. हात मागं बांधून उभा राहिला. मातीत पडलेल्या यानं मान वर करून त्याला बघितलं, हे मीही बघितलं.

जीप आणली. त्याला उचलताना तो माझंच नाव घेत होता, म्हणून मला माईक ठेवून जावं लागलं. मागच्या सीटवर त्याचं डोकं माझ्या मांडीवर. बारामतीपर्यंत खड्डाच खड्डा, प्रत्येक खड्ड्याला तो माझा हात आवळायचा. इंदापूर-बारामती रस्ता लागल्यावर जरा शांत झाला आणि म्हणाला, "कुणीतरी सांगितलं गड्या. त्या पोराला ठावं हुतं. सरळ डाव्याव आला त्यो."

मी त्याच्या कपाळावरचा गुलाल पुसला.

"दोघांनाच म्हाईत. तू आन दादा." पुन्हा एक खड्डा आला, त्यानं माझा हात आवळला. "तू तर पट्टा आणून दिलास."

मी म्हणालो, "काय सांगू गड्या. तुझ्या दादाचा तुझ्यावर लई राग हुता." यात एक शब्द खोटा नव्हता. एवढंच बोललो. तो छताकडं बघत रडायला लागला, आणि ते रडणं पायासाठी नव्हतं.

नोकरीची ऑर्डर आलीच नाही. त्या मायाळू माणसांतलं कुणी दवाखान्यातही आलं नाही. पाय सांधला पण वाकत नाही. गावानं त्याला महिन्याभरात माफ केलं. मोडलेल्यावर कोण किती दिवस रागावणार? त्याला काहीतरी बसून करायचं काम हवं होतं, म्हणून मी दुकानात ठेवून घेतला. काज-बटणं करतो, तुरपाई करतो. हात चांगला आहे त्याचा. सकाळी येतो, पाय लांब करून बसतो, संध्याकाळी मीच त्याला वस्तीवर सोडून येतो. भावाशी तो बोलत नाही. एकाच वस्तीवर दोन चुली झाल्या. पुतणीच्या लग्नात मांडवापुढून गेला, आत गेला नाही.

परवा त्याचा भाऊ दुकानाच्या पायरीवर आला. थकलाय आता. आत हा बटणं लावत होता, म्हणून त्यानं मला खुणेनं खाली बोलावलं आणि हळू आवाजात विचारलं, "लोकं बोलली, गावानं टाकलं, पर त्येनं सगळ्यांस्नी माफ केलं. माझ्याशीच का बोलत न्हाय त्यो? तुला कायतरी बोलला आसंल."

मी म्हणालो, "मला काय म्हाईत, दादा." आणि वर येऊन मशीनवर बसलो.

खरं सांगितलं तर तो सुई ठेवून, पाय ओढत, त्या भावाबरोबर निघून जाईल. तो दुसऱ्याकडं गेलेला मी एकदा बघितलाय. पुन्हा मला बघवणार नाही.