जावेचं घड्याळ आणि माझा खांदा

जावेच्या मनगटावरचं घड्याळ बघवेना, म्हणून मी पाण्यातून घाईने वर आले आणि थेट हॉस्पिटलात पोचले. एवढा मूर्खपणा तेव्हा अख्ख्या घाटकोपरात दुसऱ्या कुणी केला नसेल.

"डीकम्प्रेशन सिकनेस," डॉक्टर म्हणाले. "डायव्हर लोक याला बेंड्स म्हणतात."

खोल पाण्यात, दाबाखाली श्वास घेतला की हवेतला नायट्रोजन रक्तात विरघळतो. थांबत थांबत वर आलं तर तो श्वासावाटे निघून जातो. एकदम वर आलं, तर गोटी सोडा फोडल्यावर होतं तसं सांध्यांत बुडबुडे धरतात. "गॅसच ना? मग ओवा खाऊ का?" मी विचारलं. डॉक्टर हसले नाहीत.

ऐंशीच्या दशकातली ही गोष्ट. नौदलातून निवृत्त झालेले एक साहेब हौशी लोकांना डायव्हिंग शिकवायचे. मी आणि धाकटी जाऊ नलिनी, दोघी कोकणातल्या विहिरींत पोहून वाढलेल्या. दिराच्या ओळखीने शिरलो. तलावात सराव झाला, आणि सर्टिफिकेटची परीक्षा मुलुंडच्या पलीकडच्या, पाण्याने भरलेल्या दगडखाणीत ठरली.

पाण्यात चालणारं घड्याळ फक्त नलिनीकडे. दिराने दुबईहून आणलेलं, हिरव्या काट्यांचं. त्यामुळे वेळ तिने बघायची, बोटांनी खूण करायची आणि मी, मोठ्या जावेने, मान डोलवायची! घरी माझ्याकडून भाकऱ्या शिकलेली ही पोरगी.

वर येताना पाणी दहा फूट उरलं की दोराच्या गाठीला धरून थांबायचं होतं. नलिनीने तळवा दाखवला : थांबा. मग घड्याळ डोळ्यांसमोर धरलं. मला वाटलं, मुद्दाम मिरवतेय. दोर सोडला आणि वर आले.

साहेब भडकले. "तुमची परीक्षा पुन्हा. आणि आज कुठेही दुखलं तर लगेच फोन करायचा!" नलिनी मात्र पास. घरी पेढे.

संध्याकाळी खांदा ठणकायला लागला. बोलले असते तर दुसरी परीक्षाही गेली असती आणि हिचं सर्टिफिकेट एकटंच भिंतीवर मिरवलं असतं. सासूबाईंकडून तेल चोळून घेतलं. "पाटा उचलताना भरलाय," मी म्हणाले. पायांना मुंग्या आल्या, तरी गप्प.

सकाळी अंबाडा घालायला हात वर जाईना. नलिनीने दारातून पाहिलं आणि तशीच खालच्या दुकानात साहेबांना फोन करायला धावली. चहाडखोर मेली, मी मनात म्हटलं. टॅक्सीत अख्खी वाट तिच्याकडे पाठ करून बसले.

हॉस्पिटलात रिकम्प्रेशन चेंबर होता. म्हणजे माणूस मावेल अशी लोखंडी टाकी. तिच्यात पुन्हा खोल पाण्याइतका दाब देतात, नाकातोंडावर ऑक्सिजनचा मास्क लावतात आणि मग तासन् तास दाब हळूहळू उतरवतात. दोराशी थोडा वेळ थांबले नाही, त्याचं व्याज वसूल! टाकीच्या गोल काचेतून नलिनी दिसायची. बाहेर स्टुलावर उपाशी बसलेली, दर थोड्या वेळाने घड्याळ बघणारी. तेव्हासुद्धा ते हिरवे काटे मला डाचत होते.

दुसऱ्यांदा टाकीतून निघाले तेव्हा मुंग्या गेल्या होत्या. "आणखी उशीर झाला असता तर पाय गेले असते," डॉक्टर म्हणाले. म्हणून सांगते, बायांनो आणि बाप्यांनो, डायव्हिंगनंतर काही दुखलं तर तेल चोळत बसू नका. बोला. वैऱ्याला सांगा, पण सांगा.

माझा खांदा आजही पावसाळ्यात कुरकुरतो. त्या दिवशी मात्र तोच हात वर करून मी केस विंचरत होते. नलिनीने फणी काढून घेतली आणि माझा अंबाडा बांधता बांधता म्हणाली,

"वहिनी, तुम्ही पुढे गेलात ते बघून माझाही जीव जळला. दोर सोडलाच होता मी. मग वाटलं, वर जाऊन तुमच्याशी भांडायला धड अंग तर पाहिजे, म्हणून परत धरला. आता लवकर बऱ्या व्हा. तुम्ही नसाल तर मी हरवू कुणाला?"