खरखरीत लाईन आणि गणपतमामांचं मेण

मंडळी, तुम्हीच विचारलं होतं ना, ती महागडी खरखरीत फ्लाय फिशिंग लाईन घेण्यासारखी आहे का? आज सकाळी येलदरी धरणाच्या पाण्यावर तिची परीक्षा झाली.

या लाईनवर मुद्दामच बारीक खवले ठेवतात. त्यामुळे ती रॉडच्या कड्यांत चिकटत नाही आणि लांब जाते, असं कंपनी म्हणते. ही लाईन फेकायच्या आधी मागं झोकावी लागते; माझी पहिलीच फेक लांब गेली, पण मागच्या बाभळीत.

शेजारी आमचे गणपतमामा साध्या नायलॉनच्या तंगुसाला गळ बांधून बसले होते. अख्खा जन्म धरणावर गेलेला माणूस. काट्यांतून लाईन सोडवताना त्यांनी तिच्यावरून बोट फिरवलं आणि हळहळले. "मास्तर, फसवलं की तुमाला! लय खरखर करायलीय ही."

मी म्हटलं, "मामा, त्या खरखरीचेच तर पैसे घेतात!"

मी चहाला गेलो. परत येऊन बघतो तर मामांनी सगळी लाईन रिळावरून उतरवून, फडक्यानं मेण घासून पार गुळगुळीत केलेली! "घ्या. आता कुणी नावं ठेवणार न्हाई."

ओरडावं तरी कसं? एवढ्या मायेनं घासली होती. मी रॉड फिरवला. गुळगुळीत लाईन सरसरत गेली आणि त्याच बाभळीत, त्याच फांदीला अडकली.

मामांनी मान वर करून फांदीकडे बघितलं. मग हळूच म्हणाले, "मास्तर, दोरीत दोष न्हाई."

तर मंडळी, लाईन घ्यायची का ते नंतर बघू. आधी सांगा, तुमच्या मागं बाभूळ आहे का?