नव्वद नंबरचं तेल

आमच्या करडी गावात दसऱ्याला ट्रॅक्टरच्या बोनेटवर नारळ फुटतो, हार चढतो. तेल मोजायची डिपस्टिक मात्र वर्षभर कोणी ओढून पाहत नाही. मी सैन्यात सतरा वर्षं व्हेइकल मेकॅनिक होतो, हवालदार म्हणून घरी आलो. गावातल्या तेलपंडितांचं ऐकलं की माझं डोकं फिरतं.

यंदा धानाच्या रोवण्याच्या दिवसांत शेजारचा देवराव नव्या ट्रॅक्टरच्या गिअरबॉक्समध्ये नव्वद नंबरचं तेल ओतून बसला होता. ट्रॉलीत रोवणाऱ्या बारा बाया जायच्या होत्या. रस्ता तलावाच्या पाळीवरून उताराचा.

"हे कायले टाकलं?"

"अजी हवालदार, तेल म्हंजे तेल. बापानं जिंदगीभर हेच टाकलं."

बापाच्या जुन्या ट्रॅक्टरचे ब्रेक कोरडे होते. याचे तेलात बुडालेले. गिअर, लिफ्ट आणि ब्रेक, तिघांना मिळून एकच तेल, आणि ते पुस्तकात लिहिलेल्या ग्रेडचंच लागतं. भलतं टाकलं की ब्रेकच्या प्लेटा घसरतात. पुस्तक सीटखाली होतं, कंपनीच्या पिशवीत, सीलबंद. वाचायला काय मुहूर्त लागतो?

मीही असाच एक गाढव होतो, म्हणून सांगतो.

पोस्टिंग पहाडात होतं. वरच्या पोस्टवरून खालच्या पोस्टला ट्रॅक्टरने पाणी जायचं. चालवायचा नाईक बलबीर. खिशात भाजलेले चणे. सकाळी फर्स्ट परेडला, म्हणजे गाडीच्या रोजच्या तपासणीला, मला मूठभर देऊन मगच स्टार्टर मारायचा.

त्या दिवशी सील बदलायला सगळं तेल काढलं होतं. याही ट्रॅक्टरचे ब्रेक तेलात बुडालेलेच, आणि बरोबर ग्रेडचं तेल स्टोअरला नव्हतं. मी सुभेदारसाहेबांना म्हणालो, "साहब, गाड़ी ऑफ रोड कर देते हैं." म्हणजे दुरुस्त होईपर्यंत गाडी बंद.

"तेल तेल होता है. डालो, पानी भेजो."

भजी तळण्यापलीकडे या माणसाला तेलातलं काही कळत नव्हतं. तरी मी नव्वद नंबर ओतलं. जॉबकार्डवर 'फिट' लिहून सही केली.

०६४० ला बलबीर निघाला. ०६५५ ला वॉकीटॉकी वाजला.

"ब्रेक नहीं पकड़ रहा. ओवर."

"लो गियर में डाल. ओवर."

मी उताराने खाली धावलो. तिसऱ्या वळणाखाली नाल्यात ट्रॅक्टर उलटा पडला होता. बलबीर त्याच्याखाली होता.

चौकशीत सुभेदार म्हणाला, "मैकेनिक ने फिट दिया था." आजही मी त्याला शिव्या घालतो. पण तो खोटं बोलला नाही. सही माझी होती.

देवरावच्या ट्रॅक्टरची चावी काढून मी खिशात टाकली.

"अजी, बाया खोळंबल्या ना! तुमचं काय जाते?"

"पायी जातीन. सगळं तेल काढ, जाळी धू, फिल्टर बदल. मंग चावी ने."

तो शिव्या देत राहिला. मी खडू घेतला आणि मडगार्डवर मोठ्या अक्षरांत लिहिलं, ऑफ रोड. खाली सही केली. नाईक बलबीरसाठी हे दोन शब्द लिहायची माझी हिंमत झाली नव्हती.