समोरच्या घराचं तोंड

घराच्या दर्शनी भिंतीवर बायकोपेक्षा जास्त प्रेम करणारा माणूस सबंध बुरहानपुरात एकच होता, आणि तो नेमका सासरा म्हणून माझ्या वाट्याला आला. बायकोपेक्षा जास्त हे मत माझं नाही, सासूबाईंचं आहे. मी जावई; मी फक्त मान डोलावली.

मुलगी पाहायला आम्ही शनवारा मोहल्ल्यात गेलो तेव्हा हे गृहस्थ गल्लीच्या तोंडाशीच आडवे आले. मला वाटलं, स्वागताला आले. पण त्यांनी माझ्या खांद्याला धरून मला रस्त्याच्या मधोमध उभं केलं आणि म्हणाले, "थांबा. आधी इथून पाहून घ्या." मुलगी खिडकीत उभी असेल म्हणून मी लाजत लाजत वर पाहिलं. खिडकीत कोणी नव्हतं. ते मला घर दाखवत होते. सज्जाखालची कोरीव लाकडं, जवसाचं तेल पिऊन काळसर चमकणारा दरवाजा, हिरमजी रंगाची चौकट आणि दुधासारखी पांढरी भिंत. पाव तास हे दर्शन झाल्यावर "बाकी मग आत आहेच" असं म्हणून त्यांनी आम्हाला ओट्यावर घेतलं. त्या 'बाकी'मध्ये त्यांची मुलगीही होती. शहरातल्याच राजपुऱ्यातला मी एक साधा शाळामास्तर, पण त्या दिवशी मी पसंत पडलो, कारण भिंतीला टेकून बसलो नाही. हे मला लग्नानंतर कळलं.

त्यांचं विणकरांना सूत विकायचं दुकान होतं, पण जीव सगळा चुन्यात. दसऱ्याच्या आधी पंधरा दिवस परसातल्या रांजणात चुना विरायला पडायचा. त्यात गुळाचं पाणी, डिंक आणि शेवटी चिमूटभर नीळ. "चुना अन् लोणचं, दोन्ही मुरल्याशिवाय तोंडाला लावायचं नाही," असं ते बजावत. घराच्या आत मात्र सगळा आनंदच होता. स्वयंपाकघरात गळतीखाली ठेवलेलं पातेलं मी माझ्या लग्नात पाहिलं ते पहिल्या बारशालाही त्याच जागी होतं. सासूबाई करवादल्या की यांचं उत्तर ठरलेलं: "आतलं घर आपलं आहे, ते कसंही चालेल. बाहेरचं घर रस्त्याचं आहे. दुसऱ्याची चीज आपण मळकी ठेवायची का?" केळीच्या गाड्या गल्लीतून जाऊ लागल्या की ते हात पसरून भिंतीला पाठ लावून उभे राहत, म्हणजे घड घासला तर यांच्या पोटाला घासावा, भिंतीला नाही. एकदा एक गाडीवान वैतागून म्हणाला, "बाबूजी, गाडीत केळी हायेत, तोफ नाही!" त्यावर हे शांतपणे म्हणाले, "हाव. पण केळीचा चीक तोफेपेक्षा वाईट. डाग निघत नाही."

तो काळ राज्यांच्या फेरमांडणीचा होता. शहरातल्या प्रत्येक ओट्यावर एकच वाद: आपण मुंबईकडं जाणार की इकडंच राहणार? माणसं तावातावानं नकाशे काढत, एकमेकांचं बोलणं बंद करत. आमच्या सासऱ्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "राज्य कोणतंही येऊ द्या. येईल तर रस्त्यानंच ना? घर पाहूनच पुढं जाईल." आणि ते चुना ढवळायला आत गेले.

पण या माणसाच्या सुखात एक काटा होता. स्वतःच्या घराचं तोंड स्वतःच्या ओट्यावरून दिसत नाही. दिसतं ते समोरच्याचं. आणि समोर राहायचे अण्णा. कचेरीत कारकून, विधुर, स्वभावानं गरीब. मुलीच्या लग्नात दाराच्या दोन्ही अंगांना गेरूनं आणि निळीनं हत्ती काढले होते, वर मुलीचं नि जावयाचं नाव. आमच्याकडची रीत अशी की लग्नाची चित्रं येणाऱ्या दिवाळीच्या चुन्यात जातात. अण्णांच्या मुलीला दोन मुलं झाली तरी हत्ती जागच्या जागी! भिंत पिवळी पडली, पोपडे सुटले, नावं अर्धी उडाली. त्यातून डावीकडच्या हत्तीला पाय पाच. सासरे रोज सकाळी चहाचा कप हातात घेऊन त्या हत्तीकडं पाहत आणि रोज पाय मोजत. "एवढी वर्षं झाली, एकही पाय गळून पडत नाही," असं ते मला दुःखानं सांगायचे. अण्णांनी भिंत तशी का ठेवली ते कधी सांगितलं नाही, आणि यांनी कधी विचारलं नाही. आळशी आहे, एवढं ठरवून टाकलं.

मग कचेऱ्यांची दप्तरं या राज्याची वेगळी, त्या राज्याची वेगळी करायचं काम निघालं आणि अण्णांना त्यासाठी नागपूरला बोलावलं. ते घराला टाळं लावून गेले. सासूबाई रावेरला भावाकडं गेलेल्या. दिवाळी तोंडावर आणि रांजणात मुरलेला चुना! सासऱ्यांना मोह आवरला नाही. स्वतः शिडीवर चढून त्यांनी अण्णांच्या भिंतीला तीन हात दिले, चौकटीला हिरमजी लावली, दरवाजाला तेल पाजलं. अण्णा आले त्या संध्याकाळी मी तिथंच होतो. सासरे नवरदेवासारखे ओट्यावर उभे. अण्णा गल्लीत आले, हातात वळकटी तशीच धरून भिंतीसमोर थांबले. मग डावीकडं जाऊन त्यांनी तळहात भिंतीवर ठेवला, जिथं हत्ती होता तिथं. "बरं झालं. स्वच्छ झालं," एवढंच म्हणाले आणि आत गेले. दिवा लावला नाही.

दुसऱ्या दिवशी सासूबाई परतल्या. टांग्यातून उतरतानाच त्यांनी समोर पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "अहो, हे काय करून बसलात! ते हत्ती अण्णांच्या बायकोनं काढले होते. लग्नाच्या घाईत, ताप अंगात असताना. त्याच दुखण्यात गेली ना ती! तिच्या हातचं तेवढंच राहिलं होतं त्यांच्यापाशी."

सासरे दोन दिवस ओट्यावर बसले नाहीत. मला त्यांची फार कीव आली. तिसऱ्या दिवशी त्यांनी चाकूनं चुना खरवडून पाहिला, तर त्याच्याबरोबर गेरूही निघून आला. मग ते आत गेले, गेरू भिजवला, नीळ घोळली, बाभळीची काडी चावून तिची कूची केली आणि समोरचं दार वाजवलं. "अण्णा, माझ्या ओट्यावर येऊन बसा. चुकलं तर बोला."

जन्मात ज्यांनी चित्र म्हणून रेघ ओढली नव्हती त्या माणसानं दिवसभर हत्ती काढले. एकदाही थांबून आठवावं लागलं नाही. झुलीवरचे ठिपके, माहुताचा वाकडा फेटा, नावाखालची निळी वेल, सगळं जिथल्या तिथं. अण्णा एकदाच म्हणाले, "सोंड खाली होती वाटतं." सासरे मागं न वळता म्हणाले, "नाही अण्णा. तुम्ही भिंतीच्या आत होते. मी समोर होतो. रोज."

शेवटी डावीकडच्या हत्तीचे चार पाय झाले. सासऱ्यांनी कूची बुडवली आणि जपून पाचवा पाय काढला. अण्णा आधी हसले, मग डोळ्यांना उपरणं लावून हमसून रडले. सासूबाई आमच्यासाठी चहा घेऊन आल्या होत्या, त्या कप हातात धरून तशाच उभ्या राहिल्या.

सासरे आता नाहीत. त्यांच्या माघारी पहिल्या दिवाळीला मी चुन्याचं बघायला म्हणून गेलो, तर रांजण भरलेला आणि शिडीवर अण्णा, थरथरत्या पायांनी आमच्या भिंतीला हात देताहेत. मी खाली उतरा म्हटलं, तर म्हणाले, "जावईबापू, हे घर मला दिसतं. तुम्हाला नाही." त्यांच्या भिंतीवरचे हत्ती अजून आहेत, दरवर्षी त्यांच्या कडेकडेनं चुना लागतो. गल्लीत नवीन आलेली माणसं थांबतात, पाय मोजतात, हसतात. मीही त्यांच्याबरोबर हसतो, आणि मग छाती पुढं काढून सांगतो, हा पाचवा पाय माझ्या सासऱ्यांनी काढलाय.